हात मागे, सर!

दिग्रस
२६ जून २००५

आभा,

'चिरंजीव' लिहिलं आणि खोडलं. 'प्रिय' लिहिलं, तेही खोडलं. तीन कागद वाया गेले, म्हणून आता नुसतं नाव. त्याच्याआधी तुला हवं ते तूच लिहून घे.

पत्ता साधनाने दिला. तुझ्याच वर्गातली साधना, शेवटच्या बाकावर बसून माझी टिंगल करणारी. आता वाचनालयात नोकरीला आहे आणि टिंगल तोंडावर करते. तिला म्हटलं, तुझं-आभाचं बोलणं होतं ना, तूच कळव. तर म्हणाली, "सर, मी काही तुमची पोस्टमन नाही. तुमचं तुम्ही लिहा."

तर ऐक. आपल्या दिग्रसमध्ये कलाघर सुरू झालं! बसस्टँडमागची कापसाची जिनिंग आठवते? तीन हंगाम झाले, बंदच आहे. कापूसवाल्यांचं सगळंच बिनसलंय इकडे, तू पेपरात वाचत असशील. तिथलं रिकामं गोदाम साधनाने मालकाच्या मागे लागून लागून वर्षभरासाठी मिळवलं. आम्ही आठ दिवस झाडत होतो. छताच्या कैच्यांवर, खिडक्यांच्या जाळ्यांत, जिथे बघावं तिथे रुई अडकलेली. शिंकून शिंकून माझा जीव गेला, पण काय जागा आहे गं! वरच्या काचांतून असा उजेड येतो की नागपूरच्या आर्ट कॉलेजात आम्हाला मिळाला नसेल. मी 'ललित कला मंदिर' असं नाव सुचवलं. साधना म्हणाली, "गोदाम हाय तं गोदामच म्हणू." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नावाला एकानेही वाजवली नाही.

वर्षभराचा कार्यक्रम ठरलाय. पोळ्याला झडत्या म्हणायची स्पर्धा, तान्ह्या पोळ्याला मुलांचे बैल, बालदिनाला चित्रं, थंडीत दंडारीचा खेळ आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी वर्षाचं मोठं प्रदर्शन. दर रविवारी सकाळी मुलांचा चित्रकलेचा वर्ग. शिक्षक कोण, तर तुझा बाप! रिटायर झाल्यापासून वर्षभर मी भिंतीकडे बघत बसलो होतो. आणि पहिल्याच रविवारी चाळीस पोरं! मला सदऱ्याची बटणं नीट लावायचं भान राहिलं नाही.

आता मुद्द्याचं. मार्चच्या प्रदर्शनात गावच्या जुन्या विद्यार्थ्यांचीही चित्रं लावायची आहेत. तुझं 'अंगणातली आई' माझ्याकडेच आहे. कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून नीट ठेवलंय. नागपूरच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालेलं चित्र आहे ते, अगदी मधोमध लावायचं. साधना म्हणते, आभाने हो म्हटल्याशिवाय नाही. म्हणून तुला विचारतोय. त्या बक्षिसाच्या दिवशी जे झालं ते झालं, सहा वर्षं होतील आता. एवढ्याशा गोष्टीवरून माणसाने बोलणं टाकावं का? असो. तेवढं हो-नाही कळव.

बाबा


६ सप्टेंबर २००५

आभा,

तुझं कार्ड मिळालं. "चित्र लावू नका." तीन शब्द. वर मायना नाही, खाली नाव नाही. तरी मी ते दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. अक्षर बिघडलंय तुझं. कॉम्प्युटरवर काम करून बिघडलं असणार. पण 'त्र' अजून तसाच काढतेस, शेपटी झोकात खाली नेऊन.

ठीक आहे, नाही लावत. मार्चला अजून अवकाश आहे. कुणाचं मन कधी बदलेल काय सांगता येतं?

तोवर पोळ्याची गंमत ऐक. पोळा फुटल्यावर बैल घरी गेले आणि माणसं गोदामात आली, चारशे तरी असतील! खुर्च्या शंभर. झडत्या म्हणायला उकंडा उभा राहिला. उकंडा म्हणजे आर्णी रोडच्या खेड्यातला, दंडारीत बायकी पार्ट करतो. साठीचा गडी, डोक्यावर एक केस नाही, पण मिशी अशी की तिच्यावर दोन पोपट बसतील. बांधावर उभं असल्यासारखा ओरडला:

"गाडीवर कापूस, कापसावर मी, गाडी रांगेत लागली,
नंबर येता येता माही दाढी पोटालोक वाढली!"

लोकांनी 'हर बोला'चा गजर करून छताचे पत्रे हलवले. ज्यांच्या गाड्या कापूस खरेदी केंद्रावर खरंच चार-चार दिवस रांगेत उभ्या होत्या, तेच सगळ्यात जास्त हसत होते. माझ्या शेजारचा एक जण डोळे पुसत म्हणाला, "मास्तर, थ्या रांगीत मी बी होतो ना!"

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडाचे, मातीचे, खोक्यांचे, दाणे काढलेल्या कणसाच्या बुरखुंडांचे बैल घेऊन मुलं आली. एका मुलीने आपला बैल कागदावरच आणला. ममता नाव, दहा वर्षांची, पाचवी ब. निळा बैल, लाल शिंगं, आणि पाय पाच. मी म्हटलं, "ममता, बैलाला पाय किती असतात?" तर म्हणाली, "उभ्या बैलाले चार, सर. हा पळून राह्यला ना. पळताना मोजून पाहा."

मी ते चित्र बालदिनासाठी ठेवून घेतलं.

घरी शेवंती फुलली आहे. तुझ्या आईने, रजनीने लावलेली तीच.

बाबा


२० नोव्हेंबर २००५

आभा,

बालदिनाचं प्रदर्शन झालं. दोनशे बारा चित्रं! दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी टांगली. वारा आला की सगळं गोदाम फडफडायचं. लोक वाकून, मान वाकडी करकरून बघत होते. एक आजोबा नातवाच्या चित्रापाशी खुर्ची टाकूनच बसले. कुणी येईल त्याला सांगत, "हे आमचं हाय."

आता जे लिहिणार आहे ते लिहू नये असं फार वाटतंय. पण साधना तुला सांगेलच, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

तुला माहीत आहे, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ड्रॉइंग मास्तर मुलांच्या चित्रांवरून हात फिरवतो. सगळ्या शाळांत फिरवतात. कुणाचं नाक सरळ करायचं, कुणाचं आभाळ सारखं करायचं. माझ्या गुरुजींनी माझ्या चित्रांवरून फिरवला, मी छत्तीस वर्षं फिरवला. पाहुणे येणार, मुलांचं कौतुक व्हायला हवं, एवढाच हेतू. तर तेरा तारखेला संध्याकाळी मी एकटाच गोदामात होतो. ममताच्या बैलाचा पाचवा पाय मी काढून टाकला. त्या जागी गवत केलं, छान झालं होतं. मग राहवेना, म्हणून शिंगांनाही थोडी छाया दिली.

सकाळी ममता आली. चित्रासमोर उभी राहिली. मला वाटलं, खूश होईल. ती रडली नाही, ओरडली नाही. माझ्या खिशातला पेन मागून घेतला, चित्राखालच्या चिठ्ठीवरचं स्वतःचं नाव खोडलं आणि लिहिलं: 'यज्ञेश्वर सर, वय ६०, इयत्ता ५ वी ब.'

दिवसभर लोक ती चिठ्ठी वाचून हसत होते. मीही हसलो. करणार काय? साधना तेवढी हसली नाही. माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, परत?"

एवढंच. 

ममता आज रविवारच्या वर्गाला आली नाही. वेचणी चालू आहे, आईबरोबर शेतात असते असं कळलं. दुपारी मी सायकल काढली आणि शेत गाठलं. कापसाच्या पऱ्हाटीत उभा राहून मी, छत्तीस वर्षं नोकरी झालेला मास्तर, दहा वर्षांच्या मुलीला म्हणालो, "चुकलं माझं." ती वेचत राहिली. तिची आई लाजून लाजून म्हणत होती, "जाऊ द्या ना सर, लेकरू हाय." शेवटी ममता म्हणाली, "येतो मी. पण वर्गात तुमी हात मागं ठेवाचे. बांधून."

मी कबूल केलं. मला खरंच सांगायचंय, परत येताना मी सायकलवर गाणं म्हणत होतो.

बाबा


१७ जानेवारी २००६

आभा,

आधी दंडार. सलग सगळं सांगतो, मध्ये थांबलो तर पुढचं लिहिणं होणार नाही.

संध्याकाळचं लोडशेडिंग ठरलेलं, म्हणून दंडार भर दुपारी लावली, वरच्या काचांच्या उजेडात. उकंडाने पार्टासाठी मिशी काढली. आता मिशी काढली म्हणजे घरात कुणी गेलं, असा अर्थ. त्यामुळे सकाळपासून बाजारात जो भेटेल तो गंभीर चेहऱ्याने विचारतोय, "कोन गेलं बाप्पा?" आणि हा सांगतोय, "कोनी नाही गेलं, मी रानी झालो!"

राणी म्हणजे राणी पऱ्हाटी. तिचं लग्न जमवायचं असतं. एकेक नवरदेव बघायला येतो आणि खोड काढतो. एक म्हणतो पिवळी दिसते, एक म्हणतो ओली वाटते, तिसरा तिच्या वेणीचा एक केस उपटून पट्टीने मोजतो आणि म्हणतो, धागा आखूड आहे. लोक खुर्च्यांवरून पडत होते. बाजारात त्यांच्या कापसाला जे जे ऐकवलं जातं ते सगळं त्यात होतं.

आणि त्या तिसऱ्या नवरदेवाच्या वेळी उकंडाचा टोप सुटला. कापसाच्या गाठी ओढण्याच्या जुन्या आकड्यात वेणी अडकली आणि राणी पुढे गेली, केस मागे लटकत राहिले. भर उजेडात तुळतुळीत टक्कल! अशा शिट्ट्या झाल्या की विचारू नकोस. कुणीतरी ओरडलं, "पडदा पाडा!" ओरडणारा मीच होतो, आणि विंगेत पडद्याची दोरीसुद्धा माझ्याच हाताशी होती.

उकंडाने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. पदर डोक्यावर घेतला नाही की टोप उचलायला गेला नाही. तसाच पुढे आला आणि राणीचं रडगाणं म्हणू लागला, त्याच बायकी आवाजात. हळूहळू शिट्ट्या बंद झाल्या. पुढे बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टकली राणी होती ती, आणि राणीच होती. कुणाला शंका आली नाही.

नंतर मी त्याला म्हटलं, "उकंडा, मी घाबरलो होतो रे." तो तोंडाचा रंग पुसत हसला. "कायले भेता सर? केस गेले तं गेले. बाई थोडीच गेली?"

आभा, मी गोदामाच्या मागे जाऊन रडलो. साधनाने पाहिलं, पण आली नाही. बरं केलं.

आता लिहितो. नागपूरहून तिसऱ्यांदा औषध चढवून आणलं तेव्हा रजनीचे केस सगळे गेले होते. मी यवतमाळहून चार स्कार्फ आणले. फुलांचे, चांगले होते. घरात माझ्यासमोरही तिने बांधूनच ठेवावा असं मी तिला सांगितलं होतं. ती बांधायची. फक्त तुझ्यासमोर काढून बसायची, अंगणात, तुरीच्या शेंगा सोलत. तू तिचं चित्र काढत होतीस आणि मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. तुम्ही दोघी हसत होतात. मी आठ दिवस अंगणात आलो नाही. शेंगा सोलायला मला किती आवडतं, तुला माहीत आहे.

मेमध्ये ती गेली. डिसेंबरमध्ये तू ते चित्र प्रदर्शनासाठी पॅक करून ठेवलंस. न्यायच्या आदल्या दिवशी मी ते उघडलं आणि आईच्या डोक्यावर काळ्या पोस्टर कलरने केस काढले. अंबाडा काढला. त्यावर अबोलीचा गजराही काढला. लोकांनी तिला तसं बघू नये, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. खोटं होतं. लोकांचं काही नव्हतं, मलाच बघवत नव्हतं. जिवंत होती तेव्हा बघितलं नाही आणि कागदावरही बघितलं नाही. मग तुला बक्षीस मिळालं, आणि त्या हॉलमध्ये लोकांसमोर तुला ते चित्र दिसलं. तू तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती 'एवढीशी गोष्ट' नव्हती. जूनच्या पत्रात मी तसं लिहिलं, ते खोडून टाक. त्यानंतर तू ब्रश हातात धरला नाहीस, हेही साधनाने सांगितलंय.

चुकलं माझं. ममताला मी आठवड्यात म्हणालो. तुला म्हणायला सहा वर्षं लागली.

वर्गात माझे हात अजून बांधलेले असतात. उकंडाचा दुपट्टा आहे, दर रविवारी ममता स्वतः गाठ मारते. पोरं इतकी चांगली चित्रं काढायला लागलीत की मला रागच येतो.

बाबा


८ मार्च २००६

आभा,

"पाठवून द्या." या वेळी दोनच शब्द! पण लगेच आलं, आठ दिवसांत.

पाठवतोय. साधनाला आता ट्रेनिंगसाठी पुण्याला यायचंय, त्याचीच वाट बघत इतके दिवस थांबलो होतो, तिच्याकडे देतो. पण त्याआधी काय झालं ते सांगतो. लपवालपवी आता पुरे.

काल मी चित्र गोदामात नेलं, चांगल्या पुठ्ठ्यात बांधायला. टेबलावर पसरलं. सहा वर्षांनी पाहिलं ते. काय हात आहे गं तुझा! शेंगांचा हिरवा, पाटाची सावली, तिची ती वाकडी करंगळी. आणि त्यावर माझा तो काळा डोंगर. अंबाडासुद्धा धड काढला नव्हता. साधना म्हणाली, "पोस्टर कलर हाय ना सर, ओल्या कापसानं उचलल्या जाते." मला ते पटलं. आभाला मिळेल तेव्हा तिचं चित्र तिला जसंच्या तसं मिळू दे. मी वाटीत पाणी घेतलं. कापसाला आमच्याकडे काय तोटा? बोळा केला, भिजवला, पिळला, आणि हात चित्रावर नेला. मला किती बरं वाटत होतं सांगू!

मागून ममता म्हणाली, "सर, कोनाचं चित्र हाय?"

"माझ्या मुलीचं."

"मंग हात मागं, सर!"

बोळा तसाच हातात राहिला.  अगदी बरोबर बोलत होती पोरगी. पुसायचं म्हटलं तरी हात माझाच, आणि चित्र तुझं. मी वाटीतलं पाणी मागे नेऊन फेकलं.

तर चित्र जसं आहे तसं पाठवतोय. सोबत कापसाची एक पुडी आहे, सरकी काढलेला स्वच्छ कापूस, ममताच्या आईने वेचलेला. काय करायचं ते तू ठरव. पुसलंस तरी चालेल, फाडलंस तरी चालेल. प्रदर्शन सव्वीसला आहे. मधल्या भिंतीवर मी एक खिळा ठोकून ठेवलाय. तुझं चित्र आलं नाही तर तिथे काही लावणार नाही. यापुढे त्यात माझं काम तेवढंच.

बाबा


२७ मार्च २००६

प्रिय आभा,

या वेळी खोडलं नाही.

पार्सल परवा सकाळी पुण्याच्या बसने आलं. मी उघडलं नाही. सरळ गोदामात नेलं, साधनाने उघडलं, उकंडाने धरलं आणि ममताने स्टुलावर चढून खिळ्याला टांगलं. मी चार हात लांब उभा होतो, हात मागे. कुणी बांधले नव्हते.

केस गेलेत. अबोली गेली. काळा तेवढा पुरता निघाला नाही, डोक्यावर एक फिकट करडी छटा राहिली आहे. काळा रंग कागदात मुरतो, तुझा काही दोष नाही. त्याखाली तिचं डोकं, कानामागची ती खोक, आणि ती मान वर करून हसते आहे. ती हसत होती हे मला माहीतच नव्हतं. मी चेहरा न बघताच वर केस रंगवले होते, आणि त्या दिवशी टेबलावरही माझी नजर त्या काळ्या डोंगरावरच अडकली होती.

मग साधनाने तुझी चिठ्ठी खाली डकवली. चारशे लोकांनी ती वाचली आणि मी किती वेळा वाचली याचा हिशेब नाही. 'आई. चित्र : आभा, वय २९. केस : बाबा. निघाले तेवढे काढले.' ममताला कोण आनंद झाला! "माह्यावानीच लिहिलं हिनं," म्हणून सगळ्यांना ओढून ओढून दाखवत होती. आणि मी त्यातला एकच शब्द बघत होतो. सहा वर्षांत तू मला कशावरच बाबा लिहिलं नव्हतंस.

खूप गर्दी झाली, पंखे बंद, घामाच्या धारा, उकंडाने मध्येच ढोलकी काढली. वर्ष कसं गेलं कळलं नाही. मालक येऊन बघून गेला आणि अजून एक वर्ष गोदाम वापरा म्हणाला. साधना चक्क नाचली! तुझ्या पुडीतून परत आलेला उरलेला कापूस तिने जपून ठेवलाय. ये तेव्हा बघ. ये म्हणून म्हणत नाही, पण शेंगा पुढच्या जानेवारीत येतील आणि पाट दोन आहेत.

शेवटी गर्दी ओसरल्यावर ममता चित्रापाशी आली. म्हणाली, "सर, या बाईचे केस होते ना त्या दिवशी? कुठी गेले?"

"ते माझे होते. तिला नव्हतेच."

"म्हंजे टकली होती?"

गोदामात अजून आठ-दहा जण खुर्च्या उचलत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हो. माझी बायको टकली होती."

ममताने मान तिरकी करून परत एकदा नीट पाहिलं. "चांगली दिसते," म्हणाली.

दिसत होती, आभा. फार चांगली दिसत होती.

बाबा